बेहड्याच्या सवारीची जागा

किस्से कुणी जमवत नाही. धानाच्या बांधीतून चालताना लुगड्याला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात, आणि घरी आल्यावर कळतं किती झाले ते! मी गोंदियाला एसटीच्या गाडीवर कंडक्टर होते. रेस्टरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, मॅडम, दरेकशाचा तो सांगा ना. मी सांगायचे. पण मी भूतबीत मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नंतर घाबरलात तर मला बोलायचं नाही!

*

एकदा नागपूरचे एक साहेब डेपोत आले. चहा पिता पिता म्हणाले, देशाचा मध्य म्हणजे तुमचंच गाव. इकडे हावडा, तिकडे मुंबई, वर जबलपूर, खाली बल्लारशा, कुठंही जा! आम्ही सगळे उगाच फुगलो. माझ्या गाडीचे ड्रायव्हर बिसेनभाऊ, पिकल्या मिशांचे, जातीनं पोवार, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या बांधीत राबणारे. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "सबन ठिकाणी जाता येते साहेब. फकत बेहड्यावरून गोंदियाले येता येत नव्हते."

साहेबांना काही कळलं नाही. तुम्हाला सांगते. दरेकशाहून गाडी निघाली की जंगलात रस्त्याकडेला एक बेहड्याचं झाड लागतं. तिथून आत तासभर चाललं की एक टोला, म्हणजे चार घरांची वस्ती. तिथल्या माणसाला दवाखाना गाठायचा तर आमची सकाळची गाडी, दुसरं काही नाही. पण गाडी दरेकशालाच खच्चून भरायची. मोठ्या रेल्वेगाड्या दरेकशाच्या स्टेशनावरून शिट्टी मारत निघून जातात, तशी आमची गाडीही बेहड्यावरून निघून जायची. एकदा अशीच गेली, तेव्हा झाडाखाली एक अडलेली बाई बसली होती. तिचं मूल वाचलं नाही.

*

त्या दिवशी गाडीवर कंडक्टर होते उके. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दरेकशालाच एका सीटवर आपला लाल चौकड्यांचा दुपट्टा टाकायला सुरुवात केली. दुपट्टा टाकला की जागा धरली, हा कायदा आपल्याकडे कोर्टापेक्षा मोठा! बेहड्याखाली कुणी नसलं तर दुपट्टा उचलायचा आणि जागा मोकळी करायची. असलं तर गाडी थांबणार आणि त्याला बसायला मिळणार.

उक्यांची आणखी एक खोड होती. कुणाचं काही उसनं घेतलं, कात्री, छत्री, डबा, की खाली पडलेलं एखादं जुनं तिकीट उचलायचे, त्याला बरोबर मधोमध पंच मारायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. वस्तू परत केली की तिकीट परत मागून घ्यायचे. बिसेनभाऊंकडे अशी मधोमध भोकाची तिकिटं नेहमी असायची. छत्री तर दर पावसाळ्यात जायची आणि यायची.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी उके तापानं गेले. मला त्यांची गाडी मिळाली, बिसेनभाऊ मिळाले आणि केबिनमध्ये घडी घालून ठेवलेला तो दुपट्टा मिळाला. कोपऱ्याला विडीनं जळालेलं भोक होतं. "जागा धरत जा बाई," एवढंच भाऊ म्हणाले.

*

एके दिवशी दरेकशाला दोन गावांच्या बाया जागेवरून भांडत होत्या. त्या गडबडीत मी दुपट्टा टाकायचा विसरले. आठवण आली तेव्हा गाडी जंगलात शिरली होती. मागं वळून पाहिलं तर सीटवर दुपट्टा! सगळे उभे, आणि ती जागा रिकामी. मला वाटलं भाऊंनीच टाकला असेल. भाऊ म्हणाले, मी तर जागेवरून उठलोच नाही. बेहड्याखाली तापानं फणफणलेलं पोर घेऊन एक बाई उभी होती.

मी त्या दिवशी फार विचार केला नाही. कामात विचाराला वेळ कुठं असतो!

*

पुढं एकदा एक ठेकेदार चढला. अंगानं भरदार, गळ्यात चेन. दुपट्टा बाजूला फेकून तो सरळ बसला. मी भांडायच्या तयारीनं पुढं निघाले, पण पोचायच्या आधीच तो उठून उभा राहिला होता. दुपट्टा पुन्हा नीट पसरलेला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "वो खाकीवाले दादा ने उठा दिया ना. बोले, आगे बच्चेवाली बाई चढ़ेगी."

गाडीत खाकी घातलेले दोघंच होतो. भाऊ स्टिअरिंगवर आणि मी. आणि बेहड्याखाली बाई होती, पोटुशी.

गोंदियाला उतरल्यावर मी भाऊंना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "उके पक्का जयभीमवाला. जिंदगीभर भूत मानलं नाही. आता सोताच कायले भूत बनल?"

मी पण जयभीमवाली. मला ते पटलं. तरी त्या सीटवर हात ठेवून उभं राहायचं मी सोडून दिलं.

*

मग तिकिटाचं मशीन आलं आणि कागदी तिकिटं गेली. मशीनमध्ये बेहडा नव्हता. थांब्यांच्या यादीत तो कधी नव्हताच, तर येणार कुठून! वरून तोंडी सांगणं आलं, जो थांबा मशीनमध्ये नाही तिथं गाडी थांबवायची नाही. त्याच वर्षी बिसेनभाऊ रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी दुपट्टा मागून घेतला. म्हणाले, दोस्ताची तेवढीच वस्तू आहे, घरी पेटीत ठेवतो. मला नाही कसं म्हणवेल?

नवीन ड्रायव्हर चौरे माणूस चांगला, पण नोकरी कोवळी. त्यानं हात जोडूनच सांगितलं, मॅडम, बेहड्याला घंटी मारू नका.

आणि नेमकी तेव्हाच सालेकशाच्या बाजारात टोल्यावरची सुनीता भेटली. जिचं मूल गेलं होतं, तिचीच धाकटी जाऊ. दिवस भरत आले होते. माझा हात धरून म्हणाली, "जागा ठेवजा ताई. मोठीसारखं नको व्हायले."

मी ठेवते म्हणाले. कारवाई व्हायची तर होऊ दे, घंटी मारायचीच, असं ठरवून टाकलं.

*

पण पुढच्याच आठवड्यात एका सकाळी दरेकशाला अख्खी वरात चढली. पेट्या, पातेली, नवरीची आजी, सगळं! मी मागच्या टोकाला अडकले. एका हातात मशीन, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला, घंटीची दोरी माणसांच्या पलीकडे. ओरडले, पण बँडवाल्यानं आत सनई लावली होती. बेहडा दिसू लागला. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

घंटी वाजली. एकच.

चौरेचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. त्यानं रागानं मागं वळून पाहिलं, माझे दोन्ही हात पाहिले आणि हँडब्रेक ओढला. खाली सुनीता सासूच्या खांद्यावर भार टाकून उभी होती. वरातीनं तिला वर घेतलं. एवढ्या रेटारेटीत एक सीट रिकामी होती. ती तिथं बसली.

मी नवरीच्या आजीला विचारलं, तुम्ही काऊन नाही बसल्या? आजी म्हणाल्या, "दुपट्टा टाकला होता ना बाई कोणी."

वरातीतलाच कुणाचा असेल, असं मी मनाला सांगितलं.

दुपारी ड्युटी संपवून दवाखान्यात गेले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. सुनीता हसत होती. पोरगी दुपट्ट्यात गुंडाळलेली. लाल चौकड्या. मी कोपरा उलटून पाहिला. विडीचं भोक.

तशीच बिसेनभाऊंच्या घरी गेले. ते अंगणात धान वाळवत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेटीले कुलूप आहे बाई. चाबी माझ्या करदोड्याले." आत जाऊन त्यांनी पेटी उघडली. वहिनींची लुगडी बाजूला केली.

दुपट्टा नव्हता. त्याच्या जागी एक जुनं कागदी तिकीट होतं. बरोबर मधोमध पंच मारलेलं.

भाऊंनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. डोळे पुसले आणि तिकीट जपून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"आणून देईल तो," भाऊ म्हणाले, आणि पेटी उघडीच ठेवली.