कपाटातल्या सरळ कॅसेटी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही पुरता बसलेला नाही. माणसांवर संशय घेणं मात्र मला लहानपणापासून छान जमतं. घरात लाडू कमी झाले की कोणी खाल्ले हे शोधायला आई मलाच बसवायची! म्हणूनच या प्रकाराचा उलगडा मला आजवर झाला नाही, हे मनाला जास्त लागतं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली, बंगळुरूच्या राजाजीनगरमधली. मी पुण्याचा, माझा रूम पार्टनर मुकुंद नागपूरचा. दोघंही प्रोग्रॅमर, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. आमच्या घरमालकीणबाई तिथल्या जुन्या मराठी कुटुंबातल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. त्या खाली राहायच्या, आमची खोली गच्चीवर. जिना बाहेरून, खोलीचं कुलूप आमचं स्वतःचं.

दोघांना एकच व्यसन होतं - टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम. जुन्या, वापरलेल्या कॅसेटी आम्ही जिथे मिळतील तिथून उचलायचो. पण या कॅसेटींच्या लेबलवर भरवसा ठेवायची सोय नसे. वर चित्र मोटारीचं आणि आत निघायचा विमानाचा गेम! तोच गेम तीन वेगवेगळ्या लेबलांखाली घरात आला, तेव्हा मी कॅटलॉग करायचं ठरवलं. प्रत्येक कॅसेट लावून बघायची, पाठीवर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पेनाने गेमचं खरं नाव लिहायचं. मुकुंदने त्यात भर घातली. पट्टी भिंतीकडे, म्हणजे कॅसेट उलटी, तर गेम अजून संपवायचा आहे. शेवटपर्यंत खेळून जिंकला की कॅसेट सरळ. लोखंडी कपाटाचं दार उघडलं की एका नजरेत सगळा हिशेब कळायचा. मला ती पद्धत फार आवडली होती.

एक कॅसेट मात्र मेलेली होती. आतल्या पिना गंजलेल्या. फुंकर मारून झाली, रॉकेलने पुसून झाली, पडद्यावर नुसती करडी खरखर. तिच्या पट्टीवर मी 'बंद' लिहिलं आणि उलटी ठेवून दिली.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शुभासाठी, मुकुंदचं स्थळ निघालं. आईने मला फोनवर स्पष्टच सांगितलं, "तू त्याच्याबरोबर राहतोस. मुलगा कसा आहे ते तूच सांग, तुझ्या शब्दावर आम्ही पुढे जाऊ." मला मनापासून आनंद झाला होता. मुकुंदसारखा माणूस शोधून सापडला नसता.

...आणि एका सकाळी ती 'बंद' कॅसेट कपाटात सरळ होती.

मी हसलो, उलटी केली. दोन दिवसांनी परत सरळ. मग इतर कॅसेटीही, ज्या आम्ही दोघांनी एकदाही संपवल्या नव्हत्या. मी मुकुंदला विचारलं.

"मी कशाला हात लावू बे?" तो म्हणाला. "तूच करून राहिला असशील."

"मी का करीन?"

"मग मी का करीन?"

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. गंमत असती तर एव्हाना हसला असता. डोळ्यात डोळे घालून इतक्या सहज खोटं बोलणारा माणूस माझ्या बहिणीशी कसा वागेल? त्यातच एकदा जिन्यात अक्का भेटल्या.

"काय ओ, दुपारचं ऑफिस नाही काय तुमाला? वर टीव्हीचा टुईंटुईं आवाज येतोय की रोज. स्वल्प हळू ठेवा."

मी दुपारी ऑफिसातच असायचो. म्हणजे साहेब दांड्या मारून घरी खेळत बसतात आणि मला वेड्यात काढतात! मी मुकुंदला काही बोललो नाही. त्याच्याशी हसतखेळत जेवायचो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात खोट शोधायचो.

पुढच्या आठवड्यात तो नागपूरला गेला. मी स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं, गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅसेटी उलट्या केल्या, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात. गेमच्या मशीनला वीज देणारा अडॅप्टरही बॅगेत घालून ऑफिसला नेला. खोलीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ होत्या.

शनिवार होता, दुपारीच परतलो. अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. "आत्ताच बंद झाला बघा वरचा आवाज," म्हणाल्या. मी धावतच वर गेलो. खोलीचं कुलूप जसंच्या तसं, कपाटाचंही.

आत सगळ्या कॅसेटी सरळ होत्या. एकूण एक.

मी ती 'बंद' कॅसेट उचलली. खूप वेळ चाललेली कॅसेट मशीनमधून काढली की हाताला कोमट लागते, हे खेळणाऱ्यांना ठाऊक असेल. ती कोमट होती. अडॅप्टर माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीतही मला हायसं वाटत होतं... मुकुंद खोटं बोलत नव्हता! तसाच खाली उतरलो, एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला आणि आईला म्हणालो, "डोळे मिटून हो म्हण."

सोमवारी मुकुंद परत आला. मी त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं, त्याच्यावर घेतलेल्या संशयासकट. ऐकता ऐकता तो पायरीवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का मलाही बोलल्या होत्या आवाजाचं," तो म्हणाला. "मी समजत होतो, तू दांड्या मारतो अन् वरून मलाच खोटं पाडतो. जो माणूस तोंडावर खोटं बोलतो, त्याच्या घरी जन्माचं नातं कसं जोडायचं? मी... मी आईला नाही म्हणून सांगून आलो बे."

नागपूरचा नकार त्याच दिवशी पुण्याला पोचला होता. त्यांनी कारण दिलं नव्हतं. मुकुंदने नंतर स्वतः फोन केला, मीही बाबांची खूप मनधरणी केली. पण आधी नाही आणि मग हो म्हणणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही, यावर ते ठाम राहिले.

महिन्याभरात आम्ही ती खोली सोडली. कॅसेटी कोणी घ्यायच्या यावर वादच झाला नाही, दोघांनाही नको होत्या. आमच्याआधी तिथे कोण राहायचं हे मी अक्कांना विचारलं होतं. कोणीच नाही, खोली आमच्यासाठीच बांधली होती. कपाट मी स्वतः नवीन घेतलेलं. मी सगळीकडून विचार करून बघितलाय, काही हाती लागत नाही.

शुभाचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं, ती सुखात आहे. पण परवा कशावरून तरी मुकुंदच्या नकाराचा विषय निघाला आणि ती हसत म्हणाली, "जाऊ दे रे दादा, माझा फोटोच आवडला नसेल त्याला." इतकी वर्षं ती हेच धरून बसलीय. मी लगेच म्हणालो, "नाही गं, तसं नव्हतं."

"मग कसं होतं?" तिने विचारलं.