पूजेला मांडलेला तक्ता
झेंडूचं फूल हातात चुरगळलं की मला हिर्डोशीतलं ते घर आठवतं. बोलू न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवणं हे माझं काम, आणि तिथल्या, चालताही न येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी मी चित्रांचा तक्ता बनवला होता. चित्रावर बोट ठेवायचं, तेच तिचं बोलणं. पाणी, भाकरी, झोप एवढंच ती सांगायची. ‘नको’च्या चित्राकडे तिनं कधी पाहिलंही नव्हतं. दसऱ्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. बाहेर भात पिवळं पडत आलेलं. ओसरीवर विळे, कोयते, कुदळ धुऊन मांडलेली आणि मधोमध आमचा तक्ता, हळदकुंकू लावलेला. मी हरखून मोबाईलवर फोटो काढला. “पोरीचं आवजारच हाय की ते, बाई,” तिचे वडील म्हणाले. “आज कुनी हात लावायचा न्हाई. उद्यापातुर इसावा.” मलाही ते गोड वाटलं, शहाणी मी! तेवढ्यात मुलगी सरपटत आली, तिनं फुलं बाजूला सारली आणि ‘नको’वर बोट दाबून धरलं. “आगं, शिवू नगंस!” म्हणत आई धावली. वडिलांनी आईला हातानंच थांबवलं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं आणि तक्ता उचलून लेकीच्या मांडीवर ठेवला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात कोयते आहेत, झेंडू आहे, तक्ता आहे. ती कुठंच नाही, आणि काढताना मला ते जाणवलंही नव्हतं.