शिंगाळ्याची कुरकुर आणि माझं बोट

सुप्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं प्रेस मशिनवर आहे. पत्रा आत, ठोका, पत्रा बाहेर. कानात घालायचे बोळे कंपनी देते. ते मी गळ्यात माळेसारखे मिरवत आलो.

वर्षातून एकदा कान तपासायची गाडी येते. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. गेली चार वर्षं मला निम्म्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. पण तपासणारा बटण दाबतो तेव्हा त्याचा खांदा जरासा हलतो, आणि माझे डोळे उत्तम आहेत. दर वर्षी पास. नापास झालो असतो तर पॅकिंगमध्ये लेबलं चिकटवत बसावं लागलं असतं, आणि प्रेसवरचा सगळ्यात जुना माणूस म्हणून असलेला मान गेला असता.

मागच्या उन्हाळ्यात प्रेसवरचा माझा जोडीदार थांबा म्हणून ओरडला. मला ऐकू आलं नाही आणि ठोका पडला. सुदैवानं फक्त त्याचा हातमोजा फाटला. मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक उशिरा लागला. त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मशिनपुढे नारळ फोडला आणि प्रसाद सगळ्यात आधी मला दिला. मी तो खाल्ला.

केडगावच्या आमच्या घरी मुलगी एम.एस्सी. करते. मासे आवाज कसा काढतात, कसा ऐकतात आणि मेंदू ही दोन्ही कामं कशी चालवतो, हा तिचा विषय. त्यासाठी गच्चीवरच्या निळ्या ड्रममध्ये मुळा धरणातले तीन मिशाळ शिंगाळे मासे आले. जेवताना ती सगळं समजावून सांगायची. मी ओठांकडे बघून मान हलवायचो आणि ती झोपली की तिची वही वाचायचो. पप्पा माझ्या नोट्स वाचतात, असं ती कौतुकानं सांगत फिरायची. बायको म्हणायची, "माझं ऐकत न्हाईत, माशाचं लई ऐकतात."

वहीत होतं की शिंगाळा कल्ल्यामागचा काटा खोबणीत घासून कुरकुरतो आणि त्याचा हुकूम मेंदूच्या मागच्या भागातून सुटतो. काही माशांचा मेंदू तर त्याच क्षणी कानालाही कळवतो, की हा आपलाच आवाज आहे, जरा आवरून घे. बाहेरच्या गोंगाटानं कानातल्या पेशी मेल्याच, तर माशाला त्या पुन्हा उगवतात. त्यापुढे तिनं लिहिलं होतं, माणसाला नाही. ते पान मी बरेचदा उघडलं. त्या एवढ्याशा मेंदूला जे सुचतं, ते मला गळ्यात बोळे लटकत असताना सुचलं नाही.

एका रविवारी सकाळी तिनं मला शिंगाळ्याची कुरकुर ऐकायला गच्चीवर बोलावलं. तीन दिवसांनी तपासणीची गाडी यायची होती. तिनं माझ्या कानांना हेडफोन लावले आणि रेकॉर्डर हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं अंगठा बटणावर दाबला गेला. सवयीनं माझं बोट वर झालं.

"लई भारी कुरकुरतोय," मी म्हणालो.

तिनं हेडफोन काढले आणि जवळ येऊन सावकाश म्हणाली, "पप्पा, मी आत्ता बंद केलं. इतका वेळ चालूच होतं."

मग मी सगळं सांगितलं, शिट्ट्या, खांदा, हातमोजा, अगदी प्रसादसुद्धा. बायको कपडे वाळत घालायला आली होती. ओलं लुगडं तसंच हातात धरून ती म्हणाली, "आन् मी समजत हुते, मुद्दाम ऐकत न्हाईत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं न ऐकणं थोडं मुद्दामही होतं, हे मात्र मी अजून कबूल केलेलं नाही.

सोमवारी प्रेस सुरू व्हायच्या आधी जोडीदाराला सांगितलं. त्यानं हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "मंग नारळ तुमच्याच डोक्यात फोडाया पायजे हुता."

त्या दिवशी मी प्रेसला हात लावला नाही. गाडी बुधवारी आली. काचेच्या खोलीत बसलो आणि डोळे मिटून घेतले. सुरुवातीला दोनतीनदा उठलेलं बोट मग मांडीवर पडून राहिलं. बऱ्याच वेळानं कुणीतरी खांदा हलवला. तपासणारा वाकून विचारत होता, काका, झोप लागली का?

"जागाच आहे," मी म्हणालो. "लावा पुन्हा."