दवाची खूण

दवाखान्यात नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला इस्रायलमधल्या अश्दोदची, बहिणीच्या मेंदीची संध्याकाळ आठवली. तिच्या लग्नासाठी मी टेपचा जुना कॅमेरा घेतला होता. शुक्रवारी चाळीस मिनिटं चित्रण करून पाहिलं, तर सात वेळा आडव्या रेघा आल्या. टेप जिच्यावरून सरकते ती चकती, म्हणजे हेड, स्पिरिटने पुसल्यावर एकही आली नाही. मग धूळ नको म्हणून कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवला. शुक्रवार संध्याकाळपासून शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; तो संपेपर्यंत ना एसी बंद करायचा होता, ना कॅमेऱ्याला हात लावायचा होता. शनिवारी शब्बाथ सुटताच मी तो तसाच गार बिल्डिंगच्या अंगणात आणला. समुद्राच्या दमट हवेने आत दव धरलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दवाचा इशारा देणारी थेंबाची खूण लुकलुकू लागली आणि टेप फिरेना. पुढच्या आठवड्यात आईच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि मेंदीचं गाणं घरात फक्त तिलाच येत होतं. मी झाकण उघडून कॅमेरा पंख्यासमोर धरला. "इमा, नू, आटपा ना, हात दुखला माझा," मेंदीसाठी हात पुढे धरून बसलेली बहीण आईला हिब्रूत कुरकुरली. "थांब गो, तुझा भाऊ मशीनला वारा घालतोय," आई म्हणाली. बायका हसल्या. वाटीतली मेंदी सुकू लागली तशी आईने गाणं सुरू केलं. तिसरं कडवं सुरू होताना खूण विझली आणि टेप फिरू लागली. पाचांपैकी तीन कडवी टेपवर आहेत. ऑपरेशननंतर आई बोलायची, पण गायली नाही. पहिली दोन मी आठवून म्हणतो, तेव्हा बहीण अजून मान हलवते, "शब्द बरोबर आहेत, चाल तुझी आहे."