बंद माग

सीमाभागातल्या वडगावात आमच्या घरी चार यंत्रमाग. चारही सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही विणकर माणसं ओठांनी बोलतो. आई चुलीपासून नुसते ओठ हलवायची, आप्पा मागावरून मान डोलवायचे. मी यात लहानपणापासून पटाईत. त्यामुळे माझे कान कधी गेले ते कुणालाच कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

शाळेत पहिला बाक आणि मराठीत शिकवणाऱ्या बाई, त्यामुळे निभावलं. कॉलेजात मात्र फजिती. शिकवणं इंग्रजीत, समजावणं कन्नडात, आणि सर बोलणार फळ्याशी! मला वाचता येतात ते मराठी ओठ. तीन विषय राहिले तेव्हा एका बाईंनी कानाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर म्हणाले, निम्म्याहून जास्त ऐकू येत नाही. आप्पा चक्क हसले. "हिला? ओ डॉक्टर, मागाच्या त्या टोकाला ओठ हलवला तरी हिला कळतंय! पोरीला बहिरी लिहून घेऊ व्हय?" सर्टिफिकेट काही काढू दिलं नाही.

कॉलेजात अशा मुलांच्या मदतीची एक खोली होती. तिथल्या बाई भल्या. म्हणाल्या, डॉक्टरचा कागद आण, परीक्षेत जादा वेळ मिळवून देते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! जे वर्षभर ऐकलंच नाही ते जादा वेळात कुठून लिहू?

खरी मदत केली मैत्रिणीनं. पलीकडच्या गल्लीतली, विणकराचीच पोर. तासाला माझ्याकडे वळून बसायची आणि सरांचं बोलणं आवाज न करता मराठीत ओठांवर आणायची. सरांना वाटलं, गप्पा चालल्यात. तिला मागच्या बाकावर हाकललं. मग ती रोज संध्याकाळी घरी यायला लागली. मागांच्या खडखडाटात अख्खा तास पुन्हा शिकवायची. दोन विषय सुटले. अर्थशास्त्र राहिलं. ते या खेपेला सुटलं नाही तर कॉलेज पुरे, असं आप्पांनी बजावलं होतं.

परीक्षेला पंधरा दिवस असताना आप्पांनी चारही माग बंद केले. पोरीला अभ्यासाला शांतता पाहिजे! अमावास्येच्या सुट्टीशिवाय ज्यांचा माग कधी थांबला नाही, त्या माणसानं हे केलं. मला भरून आलं. "नको" म्हणायला तोंड उघडेना. आईनं मोबाईलही कपाटात ठेवला.

घर गप झालं आणि मी खरी बहिरी झाले. माग थांबल्यावर सगळे चारचौघांसारखे बोलायला लागले, पाठमोरे, मान खाली घालून. त्यातही माझा अभ्यास मोडू नये म्हणून तोंडावर हात नाहीतर पदर धरून. जन्मल्या घरात मला एक शब्द कळेना. मैत्रीणही फिरकली नाही. ऐन वेळी पाठ फिरवली म्हणून मी तिच्यावर भयंकर चिडले. तिच्या घरी जाऊन विचारलंही नाही. माझा ताठा, दुसरं काय. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून ती न कळणारी वही घोकत बसले.

नापास झाले.

निकालाच्या दिवशी मैत्रीण कॉलेजच्या पायरीवर माझ्यासमोर उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते, तरी मला वाचता आले. "रोज आलतो गं मी. तुझी आई दारातनंच परत पाठवायची. म्हणायची, अभ्यास कराय लागलीया, आवाज नको."

घरी माग परीक्षेनंतर पुन्हा सुरू झाले होते. उंबऱ्यातूनच आप्पांना ओठांनी निकाल सांगितला. त्यांचा चेहरा पडला. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मागापलीकडून त्यांनी विचारलं, "घर गप ठेवलं की गं. अजून काय कमी पडलं?"

चारही माग धडधडत होते. मला अक्षर न् अक्षर कळलं.

"काय न्हाय, आप्पा," मी म्हणाले आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले.