खांबाला वळसा घालून गेलेल्या बाटल्या

नागपूरहून देवरीच्या बसमध्ये बसले तेव्हा मांडीवर आराखड्याची गुंडाळी होती आणि मनात थोडी ऐट. बाटल्या भरण्याच्या लाइन आखणं हे माझं पुण्यातलं काम. लाइन म्हणजे बाटली धुणाऱ्या, भरणाऱ्या, झाकण लावणाऱ्या यंत्रांची रांग. देवरीजवळच्या एका गावातल्या बायकांच्या गटाला बेलाच्या सरबतासाठी ती हवी होती. यंत्रं पोचली होती. मला फक्त मांडणी करायची होती.

कोहमाऱ्याला बस थांबली. ढाब्यावर लाखोरीचे (एक कडधान्य) गरम वडे खाल्ले. सोबतच्या मिरचीने असा ठसका लागला की शेजारच्या ट्रकवाल्याने आपला पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

देवरीच्या थांब्यावर गटाच्या प्रमुख निर्मलाबाई स्कूटी घेऊन आल्या होत्या. मोहाच्या झाडांमधून, एका तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) आम्ही गावात पोचलो.

खोली पाहिली आणि ऐट उतरली. फोनवर कळलेलं तीस फुटांचं माप ओसरीसकट होतं. आतली खोली जेमतेम अठरा फूट, आणि मधोमध छताला आधार देणारा खांब. निर्मलाबाईंनी शांतपणे सांगितलं की इथं जमलं नाही तर यंत्रं गोंदियातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये हलवायचं ठरलं आहे. गटात चौदा बायका होत्या. घरचं आटपून रोज एवढ्या लांब जाणं त्यातल्या तीन-चार जणींनाच जमलं असतं.

दुपारभर मी फरशीवर खडूने रेघा मारत आणि पुसत होते. रांग घोड्याच्या नालासारखी वळवली तर मावत होती, पण मग मधे बायकांना उभं राहायला जागा उरेना; तिथं खांब होता. दाराशी बेलाचा गर गाळत बसलेल्या साठीच्या पुस्तकलाबाई हे सगळं पाहत होत्या.

"मधे कायले (कशाला) उभं राहाचं म्याडम?" त्या म्हणाल्या. "मधे खांब राहू द्या. बाया भायेरून काम करतीन."

त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधायचं काम. पाटाच्या वाटेत झाड आलं तर झाड कोणी तोडत नाही, पाट वळवतात, असं त्यांनी गर गाळता गाळता सांगितलं. माणसं आत आणि यंत्रं भोवती, ही माझी वीस वर्षांची सवय. मी खडू उचलला आणि नालाच्या दोन्ही बाजू खांबाला भिडवल्या. भिंतीकडे दोन-दोन हात जागा मोकळी झाली.

संध्याकाळी यंत्रं त्या रेघांवर बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं पाणी भरून लाइन चालवली. वळणावर पहिल्या पाचही बाटल्या आडव्या झाल्या. बायका हसल्या, मीही हसले. बाटल्या वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा वेग कमी केला, कडेची दांडी बोटभर आत घेतली. सहावी बाटली डुलली, सावरली आणि खांबाला वळसा घालून निघाली. तिच्यामागून सातवी, आठवी.

निर्मलाबाईंनी तिथूनच गोंदियाच्या शेडमालकाला फोन लावला. "यंत्रं येऊन नाही राहिली जी," त्या म्हणाल्या, "इथंच चालून राहिली."

परतीच्या गाडीत दुसऱ्या एका कारखान्याचा आराखडा उघडला. यंत्रं काटेकोर काढली होती. माणसांसाठी उरलेल्या जागेत नुसते ठिपके. वर्धा यायच्या आत मी त्या मालकांना फोन केला आणि विचारलं, लाइनवर उभी राहणारी माणसं मला आधी भेटू शकतील का?