जलपूजनाची साडी

जलपूजन हा शब्द ऐकला की अजूनही माझं तोंड कडू होतं. धरण काठोकाठ भरलं की पुढाऱ्याने मांडवात यायचं, पाण्याला हळदकुंकू वाहायचं, हिरवी साडी नि नारळ पाण्यात सोडायचा आणि पाऊस आपणच पाडल्यासारखं भाषण ठोकायचं. नदीची ओटी माझी आईही भरायची, पण तिला मांडव नि फोटोग्राफर लागत नसे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात अभियंता होतो. पिंपळनेरकडच्या एका धरणाखाली पुराचं पाणी कुठवर चढेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रोग्राम मुळात समुद्राकाठच्या सरोवरांसाठी बनवलेला. तो दर वेळी विचारायचा, समुद्राची पातळी किती वाढेल? आमचे साहेब म्हणाले, "आपल्याकडे कुठला समुद्र? टाका शून्य." मी तिथे खालच्या नदीची पातळी भरली, साहेबांना ते कळलंही नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढं मात्र ते न चुकता करत.

त्या धरणाखाली, अगदी नदीकाठाला, माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं. अक्का एकटी राहायची, सोबतीला शेळ्या. मी गेलो की विचारायची, "भाऊ, तुन्हं ते यंत्र काय म्हनस? मन्हा घरमा पानी येई का?"

यंत्राचं उत्तर सरळ होतं. भर पावसाळ्यात तलाव थोडा रिकामा ठेवला, तर अक्काचं घर कोरडं. काठोकाठ भरून ठेवला आणि वर डोंगरात जोराचा पाऊस झाला, तर दरवाजे एकदम उघडावे लागणार, आणि पाणी तिच्या ओट्याला नव्हे, थेट आढ्याला. मी तसा नकाशा काढून साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी पान चघळत तो पाहिला. "अहो, जलपूजन ठरलंय. तलाव रिकामा ठेवून पूजा कशाची करायची, गाळाची?"

"साहेब, खाली माणसं राहतात."

"मग त्या यंत्राला सांगा ना, तलाव रिकामा आहे म्हणून. ऐकेल ते."

मी नाही म्हणालो. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्याला बसवलं. त्याने आकडा बदलला आणि पडद्यावर अक्काचं घर कोरडं झालं. "बघा, झालं की नाही?" साहेब हसले. त्यांच्या त्या रंगलेल्या ओठांची मला शिसारी आली.

तोच नकाशा गावात फळ्यावर लागला. मी अक्काला म्हटलं, पावसाळाभर धुळ्यात, देवपूरला माझ्याकडे चल, तो नकाशा खोटा आहे. ती शेळ्यांकडे बघत राहिली. "नकाशामा मन्हं घर कोल्लं शे. तुन्हाच हापिसना कागद शे ना तो?" ती आली नाही.

जलपूजन थाटात झालं. मांडव उतरायच्या आत डोंगरात पाऊस कोसळला आणि धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडले. दिवस होता म्हणून माणसं टेकडीवर पळाली, अक्काही वाचली. घर गेलं, भांडी गेली, दावणीच्या शेळ्या दावणीलाच बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर ती मला गावच्या शाळेत भेटली. अंगावर कोरी हिरवी साडी, जरीच्या काठांत चिखल. ही कुठली, मी विचारलं.

"बाभूळले अटकेल व्हती," ती म्हणाली. "मन्हं बठ्ठं वाही गयं, भाऊ. आते नेसाले दुसरं काय शे?"

तेवढ्यात साहेब पाहणीला आले. शाळेत चिखल होता, म्हणून चपला त्यांनी काढल्या नाहीत. अक्काकडे पाहून ते खूश झाले. मला म्हणाले, "अरे वा! मदतीच्या साड्या पोचल्या वाटतं."